महाराष्ट्रातील उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य ही संज्ञा पदवी, पदव्युत्तर व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी राज्य शासन, केंद्र शासन, बँका आणि शिक्षणसंस्था यांच्याकडून मिळणाऱ्या मदतीसाठी वापरली जाते. या मदतीत शुल्क सवलत, शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता आणि शैक्षणिक कर्ज यांचा समावेश होतो. बोलीभाषेत पालक या सर्वांना सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हणतात. मात्र त्यांचे स्वरूप परस्परांहून बरेच वेगळे आहे. सवलत व शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही, कर्ज व्याजासह फेडावे लागते. काही योजनांची रक्कम संस्थेच्या शुल्कापोटी असते, तर काहींची विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणासाठी. प्रवेशाच्या वेळी नेमके किती पैसे हाताशी हवेत हे याच फरकावर ठरते, आणि तो वेळीच न कळल्यास प्रवेश मिळूनही जागा सोडण्याची पाळी येऊ शकते.

इतिहास

गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भार समाजाने किंवा राज्याने उचलण्याची परंपरा महाराष्ट्रात स्वातंत्र्यपूर्व काळापासून आहे. कोल्हापूर संस्थानचे राजर्षी शाहू महाराज यांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा विविध समाजांसाठी तेथे वसतिगृहे निघाली. ग्रामीण मुलाच्या शिक्षणात शुल्काइतकाच, किंबहुना त्याहून मोठा अडसर शहरात राहण्याच्या सोयीचा असतो, हे या वसतिगृहांमागचे सूत्र होते. ते आजही जुने झालेले नाही.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर संस्थानची सेवा करण्याची अट तिला जोडलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेच्या साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन स्तरावर राबविले गेले. विद्यार्थ्याने काम करावे व त्या मोबदल्यात शिकावे ही कल्पना पुढे राज्यातील अनेक विद्यापीठांनी स्वीकारली.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना सुरू झाली. ती आजही चालू असून देशातील सर्वांत जुन्या शैक्षणिक साहाय्य योजनांपैकी एक आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या आसपासच्या काळात, यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, जातीऐवजी कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारित शुल्क सवलत सुरू झाली. आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ई.बी.सी.’ म्हटले जाई. योजनेचे नाव पुढे बदलले तरी अनेक घरांत हाच शब्द रूढ आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा झपाट्याने वाढल्या. त्याचबरोबर शिक्षणाचा खर्च थेट पालकांवर आला. नंतरच्या बहुतेक योजनांचा रोख या विनाअनुदानित संस्थांमधील शुल्काकडे आहे.

शुल्काची रचना

खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या राज्य कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. संस्था आपला खर्च दाखविते, प्राधिकरण तो तपासून प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेगळा आकडा ठरविते आणि तो प्रसिद्ध करते. मंजूर शुल्काबाहेर प्रवेशासाठी रक्कम घेणे हे कॅपिटेशन शुल्क ठरते व १९८७ च्या राज्य कायद्याने त्यास बंदी आहे.

मंजूर शुल्काचे मुख्य दोन भाग असतात : शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. परीक्षा शुल्क विद्यापीठाचे असते. वसतिगृह, खानावळ, बस, पुस्तके हे खर्च त्यात येत नाहीत. बहुतेक गैरसमज येथेच होतात. ‘पन्नास टक्के फी माफ’ असे ऐकून आलेला पालक एकूण रकमेच्या निम्मे पैसे घेऊन येतो, परंतु सवलत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कापुरतीच असते. समजा, एखाद्या महाविद्यालयाचे मंजूर शुल्क १,१०,००० रुपये असून त्यात १,००,००० शिक्षण शुल्क व १०,००० विकास शुल्क आहे. शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळाल्यास ५०,००० रुपये कमी होतात आणि पालकाने भरावयाची रक्कम ५५,००० नव्हे, तर ६०,००० राहते. घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत यावर वर्षभराच्या राहण्या-जेवणाचा खर्च येतो, आणि कित्येकदा तो शुल्काइतका किंवा त्याहून अधिक असतो.

शुल्क सवलत व शिष्यवृत्ती

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ही जुन्या ई.बी.सी. सवलतीची विस्तारित आवृत्ती आहे. ती खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांना साधारणतः निम्मी, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तीत शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राज्याची ‘फ्रीशिप’ आहे. फ्रीशिपमध्ये शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही. २०२१ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र व राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. यात संस्थेच्या शुल्काची रक्कमही असते. ती घरखर्चाला वापरली गेली तर महाविद्यालयाची बाकी विद्यार्थ्याच्या नावावर उभी राहते. खात्यात आलेला पैसा ‘मिळालेली शिष्यवृत्ती’ असतो, पण तो सगळा विद्यार्थ्याचा नसतो, हे या पद्धतीत पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे लागते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी पूर्ण सवलत लागू केली. आई-वडिलांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असणे ही अट आहे. शासकीय, अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालये यात येतात. खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे येत नाहीत. हा निर्णय ‘मुलींना मोफत शिक्षण’ या नावाने प्रसिद्ध झाला. तथापि विकास शुल्क, वसतिगृह व खानावळ यांचा खर्च त्यात अंतर्भूत नाही.

जवळपास सर्वच शुल्क सवलतींना एक सामाईक अट आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे रूढ भाषेत ‘कॅप राउंड’मधून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावरील जागेवर प्रवेश घेतल्यास सवलतीचा हक्क राहत नाही. घराजवळचे किंवा नावाजलेले महाविद्यालय मिळावे म्हणून कॅपमधील जागा सोडून व्यवस्थापन कोट्यात जाणारे कुटुंब पुढील सर्व वर्षांची सवलत गमावते. प्रवेशाच्या धामधुमीत हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

केंद्र शासनाची गुणवत्ताधारित शिष्यवृत्ती वेगळी आहे. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळातील वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणाऱ्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये व पदव्युत्तर स्तरावर २०,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो, राज्याच्या पोर्टलवर नव्हे.

निवास व निर्वाह

शासकीय वसतिगृहातील जागा मर्यादित असल्यामुळे, तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये आणि अन्य ठिकाणी ४३,००० रुपये अशी तिची रचना करण्यात आली. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना लागू होते. शुल्क सवलतीच्या तुलनेत या योजनांची माहिती पालकांना कमी असते. वास्तविक दुष्काळी तालुक्यातून पुण्यात आलेल्या मुलाच्या दृष्टीने खोलीभाडे व मेसचे पैसे हाच दरमहाचा प्रश्न असतो.

उत्पन्नाचा दाखला व इतर कागदपत्रे

कुटुंबाच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यासाठी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करतात. नोकरदारांच्या बाबतीत फॉर्म १६ व आयकर विवरणपत्र, तर शेतकरी व असंघटित कामगार यांच्या बाबतीत तलाठ्याचा चौकशी अहवाल आधारभूत धरला जातो. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे हे महत्त्वाचे असते. जुन्या वर्षाचा दाखला जोडल्याने अर्ज परत येण्याचे प्रमाण मोठे आहे. जून-जुलैमध्ये या केंद्रांवर गर्दी उसळते. त्यामुळे नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर एप्रिल-मेमध्येच दाखला काढून ठेवणे सोयीचे ठरते.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉन-क्रिमीलेअर ठरविताना पालकांचे पद पाहिले जाते, आणि आठ लाखांच्या मर्यादेसाठी वेतनाचे व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. शिष्यवृत्तीच्या अटीत मात्र सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न मोजतात. म्हणून नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मिळालेले कुटुंब शुल्क सवलतीस अपात्र ठरू शकते. दोन्ही ठिकाणी ‘आठ लाख’ हाच आकडा असल्याने घोटाळा वाढतो. आरक्षित जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी याखेरीज जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळण्यास महिने लागू शकतात, म्हणून विद्यार्थी बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करण्याची पद्धत आहे.

अर्जाची प्रक्रिया

राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. विद्यार्थ्याने अर्ज केल्यावर तो आधी महाविद्यालयाकडे पडताळणीसाठी जातो, तेथून संबंधित विभागाच्या अधिकाऱ्याकडे, आणि मंजुरीनंतर रक्कम हप्त्यांनी वितरित होते. महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगिनमध्ये अर्ज अडकून राहणे ही नेहमीची तक्रार आहे. अर्जाची स्थिती विद्यार्थ्याला स्वतःच्या लॉगिनमधून दिसते. त्रुटी दाखवून अर्ज परत पाठविला असल्यास तो दुरुस्त करून मुदतीत पुन्हा सादर करावा लागतो, अन्यथा ते वर्ष वाया जाते. अर्ज एकदाच करून भागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी किमान हजेरी व पुढील वर्गात प्रवेश या अटी असतात.

रक्कम खाते क्रमांकावर नव्हे, तर आधार क्रमांकावर पाठविली जाते. विद्यार्थ्याचा आधार क्रमांक राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेशी शेवटी जोडला गेला असेल, त्या बँकेच्या खात्यात पैसे जातात. एका वेळी अशी जोडणी एकाच बँकेशी असते. खाते उघडताना आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे ही जोडणी झाली असे नव्हे. त्यासाठी बँकेला स्वतंत्र संमती द्यावी लागते. अनेकदा शाळेत असताना उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्यात रक्कम जमा झालेली आढळते. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘लघु खात्या’त वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही व पन्नास हजारांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. शिष्यवृत्तीची मोठी रक्कम अशा खात्यात अडू शकते.

रक्कम येण्यास शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, कधी त्यानंतरही, वेळ लागतो. पात्र विद्यार्थ्यांकडून सवलतीची रक्कम वगळून उरलेलेच शुल्क घ्यावे, अशा सूचना शासनाने संस्थांना दिलेल्या आहेत. प्रत्यक्षात काही संस्था प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क भरण्याचा किंवा धनादेश देऊन ठेवण्याचा आग्रह धरतात. संस्थांची बाजू अशी की, शासनाकडील थकबाकीमुळे शिक्षकांचे पगारच रखडतात. या ताणात सर्वांत दुबळा पक्ष अर्थातच पालकाचा असतो. शुल्क बाकी असल्याच्या कारणावरून मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेने मनाई केली आहे.

शैक्षणिक कर्ज

सवलती व भत्ते मिळूनही जी तूट राहते ती भरून काढण्यासाठी बँकांचे शैक्षणिक कर्ज घेतले जाते. भारतीय बँक संघाने २००१ मध्ये तयार केलेल्या आदर्श योजनेवर बहुतेक बँकांची कर्जे आधारलेली आहेत. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण लागत नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ व्यक्तीची हमी मागितली जाऊ शकते आणि त्यावरील कर्जाला सामान्यतः मालमत्ता तारण द्यावी लागते. कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असले तरी आई किंवा वडील सह-कर्जदार असतात. म्हणजेच नोकरी न लागल्यास परतफेडीची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि हप्ते थकल्यास दोघांचीही पत खालावते.

अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ते भरावे लागत नाहीत. या सवलतीच्या काळातही व्याज मात्र चालू असते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षीच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतले. सरळ व्याजाने पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी २०,०००, तिसऱ्या वर्षी ३०,००० आणि चौथ्या व पाचव्या वर्षी प्रत्येकी ४०,००० रुपये व्याज होते, एकूण १,४०,०००. परतफेड सुरू होताना देणे ५,४०,००० झालेले असते आणि दहा वर्षांच्या मुदतीसाठी हप्ता महिन्याला सुमारे ७,१४० रुपये येतो. हेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास मूळ चार लाखांवरील हप्ता सुमारे ५,२९० रुपये राहतो. व्याज धरूनही एकंदर ८०,००० रुपयांहून अधिक वाचतात. पहिल्या वर्षी हे व्याज दरमहा आठ-साडेआठशे रुपयेच असते, त्यामुळे शक्य असलेल्या कुटुंबांनी ते आरंभापासून भरणे हिताचे असते.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी या व्याजावर शासकीय अनुदान आहे. केंद्राच्या २००९ च्या व्याज अनुदान योजनेत साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील, तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचे सवलतीच्या काळातील व्याज शासन भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत, राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांमधील प्रवेशासाठी तारणाविना कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सूट आहे. संस्था त्या यादीत आहे की नाही हे प्रवेशापूर्वी पाहावे लागते. राज्यातील इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाचीही व्याज परतावा योजना आहे. हे अनुदान बँक आपणहून देतेच असे नाही. उत्पन्नाचा दाखला देऊन ते मागावे लागते.

आयकर कायद्यानुसार, जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्याला शैक्षणिक कर्जावर भरलेल्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. मुद्दलाच्या परतफेडीला ही वजावट लागू नाही, आणि नातेवाइकांकडून घेतलेल्या उसनवारीलाही नाही.

परदेशी शिक्षण व गोवा

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशातील विद्यापीठांत उच्च शिक्षण घेण्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. विद्यापीठ जागतिक क्रमवारीतील वरच्या स्थानांवर असणे ही तिची प्रमुख अट आहे. शेजारच्या गोव्यात रचना निराळी आहे. तेथे गोवा शिक्षण विकास महामंडळ रहिवासी विद्यार्थ्यांना बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते, त्यामुळे सवलतीच्या काळात व्याज साचण्याचा वर वर्णिलेला प्रश्न तेथील कर्जदारांपुढे येत नाही.